दोन दिरहम आणि एक कुऱ्हाड

रमजानच्या महिन्यात घरखर्चाचे गणित उलटे चालते. दिवसभराचे खाणे बंद, चहाच्या फेऱ्या बंद, पान-तंबाखू-सिगारेट बंद. साध्या हिशेबाने या महिन्यात खर्च उतरायला हवा. प्रत्यक्षात किराण्याची यादी शाबान संपता संपताच लांबत जाते. तेलाचा डबा वाढतो, बेसन वाढते, साखर वाढते, सरबताच्या बाटल्या येतात, खजुराचे तीन प्रकार येतात. शेवटच्या दहा दिवसांत कपडे, चपला, शेवया आणि सुका मेवा यांची भर पडते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना हे जाणवत नाही. ज्याचा पगार आठवड्याला, तोही कामाच्या मापावर मिळतो, त्याच्या घरी मात्र या महिन्याची उधारी मोहरमपर्यंत फिटत नाही.

उपवासाच्या महिन्याने गरीब माणूस कर्जात जावा, हे या महिन्याच्या उद्देशात कुठेही बसत नाही. म्हणून थोड्या पैशात नीट कसे जगावे, हा प्रश्न रमजानच्या बाहेरचा नाही. तो मशिदीच्या मिंबरवरून क्वचित विचारला जातो, पण मोहल्ल्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात रोज विचारला जातो.

या प्रश्नावर प्रवचने पुष्कळ आहेत. त्यापेक्षा हदीसच्या ग्रंथात नोंदवलेली एक छोटी हकीकत जास्त उपयोगाची आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती हजरत अनस यांच्याकडून आली आहे. मदिनेचा एक गरीब अन्सारी मुहम्मद पैगंबरांकडे (स.) मदत मागायला आला. पैगंबरांनी त्याला घरात काय आहे ते विचारले. घरात दोनच वस्तू होत्या. एक जाडेभरडे कापड, ज्याचा काही भाग अंगावर घ्यायचा आणि काही खाली अंथरायचा, आणि पाणी पिण्याचे एक भांडे. दोन्ही वस्तू मागवून घेण्यात आल्या आणि तिथेच लिलाव झाला. एकाने एक दिरहम सांगितला. पैगंबरांनी अधिक कोण देतो म्हणून दोन-तीनदा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहम दिले.

या दोन दिरहमांचे पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. एक दिरहम घरच्यांच्या अन्नासाठी. दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते. पाते आल्यावर पैगंबरांनी स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवला आणि त्या माणसाला सांगितले की लाकडे तोड, वीक आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते. त्यातल्या काहींचे त्याने कापड घेतले, काहींचे धान्य.

ही गोष्ट सांगताना बहुतेक वक्ते 'भीक मागू नये' एवढ्यावर थांबतात. तो अर्थ त्यात आहेच. पण हकीकतीतला क्रम अधिक बोलका आहे. पहिला दिरहम पोटासाठी गेला, कारण उपाशी माणसाला कुऱ्हाड पेलत नाही. दुसरा अवजारासाठी गेला. दांडा बसवायला तिसरा पैसा लागला असता, तो समाजाच्या सर्वांत आदरणीय माणसाने हाताने काम करून वाचवला. लिलावात एकावर न थांबता दोन दिरहम मिळवले गेले, म्हणजे गरिबाची वस्तू पडेल भावात जाऊ दिली नाही. आणि पंधरा दिवसांची मुदत दिली, म्हणजे काम सुरू झाल्यापासून हाताशी पैसा येईपर्यंत वेळ लागतो हे धरले गेले. आजच्या भाषेत भांडवल, बाजारभाव, अवजार आणि मुदत असे सगळे त्यात आहे. फक्त 'सब्र करा' एवढे सांगून त्याला परत पाठवलेले नाही.

अशीच दुसरी हकीकत हजरत सलमान फारसी यांची. ते मदाइनचे प्रशासक होते. सरकारी तनखा मिळत होता, पण तो ते वाटून टाकत आणि स्वतः खजुराच्या पानांच्या टोपल्या विणून पोट भरत. त्यांचा हिशेब चरित्रग्रंथांत आला आहे. एका दिरहमची पाने घ्यायची, विणून तीन दिरहमांना विकायची. एक दिरहम पुन्हा पानांसाठी बाजूला, एक घरखर्चाला, एक दानाला. हा हिशेब कुणाही फेरीवाल्याला, शिलाई करणाऱ्या बाईला, अंडी-पावाची गाडी लावणाऱ्याला ताबडतोब समजेल. कारण त्यांची नेहमीची अडचण हीच असते, की घरात आजारपण निघाले किंवा पाहुणा आला की पहिला दिरहम, म्हणजे उद्याच्या मालाचा पैसा, खाऊन टाकावा लागतो. एकदा तो गेला की सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. थोड्या पैशात जगणाऱ्या घरात बचतीचा खरा अर्थ श्रीमंत होणे हा नसतो. उद्या सकाळी धंदा सुरू करता यावा, एवढाच असतो.

महाराष्ट्रात हा हिशेब बघायचा तर मालेगावला जावे. 1857 नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी मोसम नदीच्या काठी हे गाव वाढवले. आधी हातमागावर लुगडी विणली जात, मग यंत्रमाग आले. आज दिवस-रात्र मागांचा खडखडाट चालतो. शुक्रवारी गाव सुट्टी घेते. कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. वीज गेली, सूत महागले, व्यापाऱ्याने माल उचलला नाही की माग थांबतो आणि त्याबरोबर मजुरीही थांबते. महिन्याच्या पगाराची सवय असलेल्या माणसाला या जगण्यातली कसरत पटकन कळत नाही. इथे उत्पन्न कमी आहे हे अर्धेच दुखणे. ते कधी किती येईल याचा भरवसा नाही, हे उरलेले अर्धे.

पण याच गावाने थोड्या पैशात काय होऊ शकते हेही दाखवले आहे. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईच्या सिनेमांची मालेगावी रूपे काढली, तीही मुंबईत एका दिवसाच्या चित्रीकरणाला लागतो त्याहून कमी पैशात. 'मालेगाव के शोले' गावात धो धो चालला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला, त्यात सुपरमॅन झालेला तरुण यंत्रमागावरचा कामगार होता. कॅमेरा पुढे-मागे सरकवायला रुळांची ट्रॉली नव्हती, ती कामगिरी सायकलने केली. क्रेन नव्हती, ते काम बैलगाडीने भागवले. फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये त्यावर केलेला माहितीपट जगभर दाखवला गेला आणि अलीकडे त्या मंडळींवर हिंदी चित्रपटही निघाला. त्या पोरांच्या हाताशी पैसा नव्हता, पण शुक्रवारची सुट्टी होती, एकमेकांची सोबत होती आणि हसण्याची हौस होती. गरीब वस्तीतले जगणे म्हणजे निव्वळ रडगाणे, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हा माहितीपट जरूर बघावा.

थोडक्यात भागवण्याची खरी विद्या मात्र बायकांच्या हातात असते आणि तिची नोंद कुठे होत नाही. मुस्लिम घरांतले खाणे म्हणजे रोज बिर्याणी, असा एक गोड गैरसमज इतरांमध्ये आहे. प्रत्यक्षात दख्खनच्या मुस्लिम स्वयंपाकातले कितीतरी पदार्थ टंचाईतून जन्मलेले आहेत. पाया, मुंडी, वजडी हे सगळे स्वस्तातले भाग. मंद आचेवर तासन् तास ठेवले, मसाला नेमका घातला की त्यांना चव येते. खिचडा घ्या. गहू, तीन-चार प्रकारच्या डाळी आणि त्यांच्या मानाने थोडे मांस. घोटून घोटून एकजीव केले की अर्ध्या किलो मांसात सगळी गल्ली जेवते. सालनात बटाटा, दुधी किंवा गवार घालायची पद्धतही तीच. मांसाची चव सगळ्यांच्या ताटात पोचते, तुकडे मात्र मोजून वाढले जातात. कोकणातल्या मुस्लिम घरांत पावसाळ्यात तांदळाची भाकरी आणि सुकट किंवा सुके बोंबील असतात. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली ही मासळी चार महिने पुरते.

शिळ्याचेही शास्त्र आहे. रात्रीच्या चपात्या सहेरीला दुधात किंवा चहात कुस्करून खाल्ल्या जातात. उरलेला भात परतला जातो. पावाचे तुकडे तळून, दूध-साखरेत भिजवून जो गोड पदार्थ होतो त्याला पुढे शाही नाव मिळाले. जुन्या साड्यांची गोधडी, मोठ्याचा कुर्ता उसवून धाकट्याचा, पिठाच्या पिशवीचे फडके. यातले काहीही नवे नाही. पण शहरात फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या पुढच्या पिढीला याची लाज वाटू लागली आहे आणि ती लाज महाग पडते आहे.

इफ्तारच्या दस्तरखानाचेच बघा. पैगंबर (स.) काही ओल्या खजुरांवर, त्या नसतील तर सुक्या खजुरांवर, त्याही नसतील तर पाण्याच्या घोटांवर रोजा सोडत. घरात जेवणाबरोबर तोंडी लावायला फक्त सिरका निघाला, तेव्हा त्यांनी सिरक्याचेच कौतुक करून तो आनंदाने खाल्ला, अशी नोंद आहे. दुधी त्यांना आवडत असे. हे सगळे माहीत असूनही अनेक घरांत भजी, समोसे, रोल, कटलेट, फालुदा यांच्याशिवाय इफ्तार झाला असे वाटत नाही. दिवसभर रिकाम्या पोटावर एवढे तळण पडले की तरावीहला उभे राहणे जड जाते, हे कुणालाही विचारा. त्याऐवजी रात्री भिजवलेले हरभरे सकाळी फुगून दुप्पट होतात. कांदा, लिंबू, मिरची घालून वाटी वाटी दिली तरी आठ-दहा माणसांचे भागते. भिजवलेल्या कडधान्याला गॅसही कमी लागतो. हंगाम असेल तर कलिंगड, नाहीतर केळी. बाजार उठायच्या वेळी फळवाला भाव खाली आणतो, पण तेव्हाच मगरिबची अजान होते, ही एक अडचण आहे खरी. जाणत्या बाया त्यावर उपाय म्हणून आदल्या रात्री तरावीहनंतर फळे घेऊन ठेवतात.

कुरआनने खाण्या-पिण्याची मनाई केलेली नाही, उधळपट्टीची केली आहे. उधळ्या माणसाला तर सैतानाच्या भाऊबंदांत बसवले आहे. त्याच ग्रंथात खर्चाला हात आखडणाऱ्यालाही दोष दिला आहे आणि दोन्हींच्या मधली वाट चांगली म्हटली आहे. कंजूषपणा आणि काटकसर यांतला फरक इथे लक्षात येतो. कंजूष माणूस दुसऱ्यावरचा खर्च कापतो. काटकसर करणारी बाई स्वतःचा देखावा कापते आणि पाहुण्याच्या ताटात कमी पडू देत नाही. एका माणसाचे अन्न दोघांना पुरते, या अर्थाची हदीस तिने कधी वाचली नसेल, पण तिचे पातेले रोज तेच सांगत असते.

स्वेच्छेने थोड्यात राहणाऱ्यांचे एक उदाहरण आपल्या जवळच्या काळातले आहे. मौलाना हसरत मोहानी. गुलाम अलींच्या आवाजात घरोघरी पोचलेल्या एका प्रसिद्ध गझलेचे शायर म्हणून लोक त्यांना ओळखतात. अलिगढचे पदवीधर असलेल्या या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्याऐवजी त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढले. त्यातल्या इजिप्तविषयीच्या एका लेखावरून 1908 मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तुरुंगात दळण दळावे लागले. दंड वसूल करण्यासाठी त्यांचा ग्रंथसंग्रह लिलावात गेला. सुटून आल्यावर पोटासाठी त्यांनी स्वदेशी मालाचे दुकान टाकले. 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा त्यांचीच. पुढे संविधान सभेचे सभासद झाले, तरी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने दिल्लीला जात आणि सरकारी निवासाऐवजी मशिदीत उतरत, असे त्यांच्या समकालीनांनी सांगितले आहे. 1951 मध्ये लखनौला ते गेले तेव्हा मागे मालमत्ता म्हणावी असे काही नव्हते. कृष्णभक्तीची पदे लिहिणारा आणि जन्माष्टमीला मथुरेला जाणारा हा मौलवी कुणाच्याच पैशाने बांधलेला नव्हता, म्हणून काँग्रेस, लीग, कम्युनिस्ट, सरकार, कुणाशीही बिनदिक्कत भांडू शकला. त्यांच्या पत्नी निशातुन्निसा बेगम यांनी नवरा तुरुंगात असताना घर आणि छापखाना दोन्ही सांभाळले. थोड्यात राहायचे ठरवले मौलानांनी, पण त्या थोड्याचे रोजचे गणित कुणी सोडवले असेल, हे सांगायला नको.

मात्र इथे एक फरक नीट केला पाहिजे. मौलानांनी गरिबी निवडली. माग चालवणाऱ्या माणसाने ती निवडलेली नाही. कनाअत, म्हणजे आहे त्यात समाधान, हा मोठा गुण आहे. खरी श्रीमंती मनाची, अशा अर्थाची हदीस प्रसिद्धच आहे. पण कनाअतचा उपदेश कोण कुणाला करतो, यावर त्याची किंमत ठरते. स्वतः दोन-दोन इफ्तार पार्ट्या देणारा कारखानदार आपल्या कामगारांना समाधानाचे धडे देऊ लागला, तर तो त्यांच्या मजुरीतले दोन पैसे वाचवतो आहे एवढाच त्याचा अर्थ. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी, ही हदीस त्याला ठाऊक असते. ईदच्या तोंडावर तो पगार थकवतो आणि त्याच हाताने मशिदीत कूलर भेट देतो. कूलरवर नाव येते, वेळेवर दिलेल्या पगारावर येत नाही.

गरिबीला पवित्र मानण्याची सवयही इस्लामी परंपरेला धरून नाही. पैगंबरांच्या घरी दोन-दोन महिने चूल पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर दिवस काढले जात, हे हजरत आयेशा यांनी सांगितले आहे. हे वाक्य व्याख्यानांत नेहमी येते. त्याच कथनात पुढे आहे की शेजारचे अन्सारी आपल्या जनावरांचे दूध पाठवत. ते दूध व्याख्यानात बहुधा गळून जाते. पैगंबरांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत तीस साअ जवांसाठी एका यहुदी माणसाकडे गहाण होते. घरच्या धान्यासाठी गहाण टाकायची वेळ काय असते हे त्यांना माहीत होते. म्हणूनच ते आपल्या दुआंमध्ये दारिद्र्यापासून आणि कर्जाच्या ओझ्यापासून संरक्षण मागत. ज्यापासून संरक्षण मागायचे, त्याचे गोडवे गाता येत नाहीत.

काटकसरीला कुठपर्यंत पोच आहे हेही बघावे लागेल. डाळ, पीठ, कपडा, इंधन यांत हुशार बाई पैसे वाचवू शकते. घरभाड्यात नाही. मुलाच्या क्लासच्या फीमध्ये नाही. डायलिसिसच्या खर्चात तर अजिबात नाही. वर्षभर चहात साखर कमी घालून साठवलेले पैसे दवाखान्यात एका दुपारी संपतात. थोड्या पैशात उत्तम चाललेली घरे कोसळतात ती उधळपट्टीने क्वचितच. ती आजारपणाने कोसळतात, आणि दुसरे मोठे कारण म्हणजे लग्न.

लग्नाबद्दल तर बोलूच नये इतके बोलून झाले आहे, तरी फरक पडलेला नाही. हजरत अली यांनी फातिमा यांच्याशी निकाहासाठी आपले चिलखत मेहर म्हणून दिले. नव्या घरात सामान होते ते खजुराच्या काथ्याने भरलेली चामड्याची उशी, जाते, पाण्याच्या पखाली असे. एका सहाबीकडे लोखंडाची अंगठीसुद्धा नव्हती, तर त्याला येत असलेला कुरआनचा भाग पत्नीला शिकवण्यावर निकाह लागला. आज मुलीकडचे हॉल, जेवण, फर्निचर आणि वर 'खुशीने' दिलेली गाडी यांचा हिशेब काढला, तर माग चालवणाऱ्या बापाची दहा वर्षे त्यात जातात. ज्या घराने महिनाभर हरभऱ्यावर इफ्तार करून पैसे वाचवले, त्याची सगळी बचत एका रात्रीच्या दावतीत जाते आणि पाहुणे बिर्याणीत मीठ कमी होते म्हणत घरी जातात.

अशा अडीअडचणीला मोहल्ल्यातली बाई काय करते? ती भिशीत जाते. कुठे बीसी म्हणतात. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये कुणा विश्वासू खालाकडे जमवायचे. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि सहा हजार एकीच्या हातात पडतात. बारा महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. घरात कुणी आजारी पडले तर ज्या बाईची पाळी आहे ती आपली पाळी दुसरीला देते. चिठ्ठीऐवजी बोली लावून जो जास्त कसर सोडेल त्याला रक्कम आधी देणाऱ्या भिश्याही असतात. त्यांत व्याजाचाच वास येतो आणि त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे. साधी भिशी मात्र कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसन्याचा घरगुती प्रकार आहे. तिचा धोका एवढाच की आधी पैसे उचललेली बाई पुढचे हप्ते थकवू शकते. ती सहसा थकवत नाही, कारण तिला त्याच गल्लीत राहायचे असते. पण सहा हजारांत दवाखाना भागत नाही. मग दारावर दर आठवड्याला हप्ता वसूल करणारे कर्ज येते. एक फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे. पुष्कळ घरांतली भांडणे या हप्त्याच्या दिवशी होतात.

जकातीचा विषय इथे येतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर राहिली की त्यावर अडीच टक्के जकात लागू होते. लाखाला अडीच हजार. ही रक्कम लहान वाटते, पण एका मध्यम शहरातल्या सगळ्या देणेकऱ्यांची मिळून ती मोठी होते. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकात घेण्यास पात्र अशा आठ प्रकारच्या लोकांचा उल्लेख आहे. फकीर आणि मिस्कीन सगळ्यांना माहीत असतात. कर्जात बुडालेला माणूस हाही त्या आठांत स्वतंत्रपणे मोजला आहे, हे मात्र लोक विसरतात. दारावरच्या रांगेत पन्नास-पन्नासच्या नोटा वाटून जकात 'उरकली' जाते. त्यातून घेणाऱ्याचा एक दिवस भागतो. देणाऱ्याचे समाधान होते. पुढच्या रमजानला तीच रांग, तीच माणसे, कदाचित सोबत त्यांची मुलेही. हजरत उमर यांचे धोरण सांगितले जाते ते असे की द्यायचे तर गरज मिटेल एवढे द्यावे. चार नातेवाइकांनी आपली जकात एकत्र करून एका विधवेला शिलाई मशीन घेऊन दिले, एखाद्या रिक्षावाल्याचे हप्त्यांचे कर्ज पुरते मिटवले, एका पोराची डिप्लोमाची फी भरली, तर त्या चार जणांच्या जकातीतून एक घर यादीतून कमी होते. दरवर्षी एक घर. काही शहरांत तरुणांचे गट असे काम गाजावाजा न करता करतातही. त्यांच्याकडे देणगीदार कमी येतात, कारण तिथे घेणाऱ्याबरोबर फोटो काढू देत नाहीत.

आणि ज्यांच्याकडे जकात लागू होण्याएवढी शिल्लक नाही, त्यांनी या महिन्यात काय करावे? निदान एक गोष्ट त्यांच्या हातात आहे. ईदचे कपडे उधारीवर घेऊ नयेत. ईदला नवाच कपडा हवा असा दंडक नाही. आपल्याकडचा चांगला, धुतलेला कपडा घालून, अत्तर लावून ईदगाहला जावे, एवढीच रीत आहे. मुलांना हे समजावणे कठीण असते, शेजारचा मुलगा नव्या शेरवानीत फिरत असताना तर फारच. तेव्हा शेरवानीवाल्या घरानेही थोडा विचार केला तर बरे. फळे घरी आणली आणि शेजाऱ्याला देता येत नसतील तर त्यांच्या साली बाहेर टाकू नयेत, म्हणजे शेजारच्या मुलाला वाईट वाटणार नाही, असे जुने लोक सांगत. सालींचा काळ गेला, आता इफ्तारच्या ताटांचे फोटो स्टेटसवर असतात.

ईदच्या आधीचा शेवटचा हिशेब फितऱ्याचा. घरातल्या प्रत्येक माणसामागे, लहान बाळासकट, तो द्यायचा असतो. मशिदीच्या फलकावर दर लिहिलेले असतात. गव्हाच्या हिशेबाने सुमारे पावणेदोन ते दोन किलोची किंमत. जव, खजूर किंवा मनुके यांच्या हिशेबाने त्याच्या दुप्पट वजन, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. चारही दर एकाच फलकावर असतात. गव्हाचा दर सर्वांत कमी असतो, मनुक्यांचा त्याच्या कितीतरी पट. शहरातला मोठा व्यापारीही आपल्या सहा जणांच्या घराचा फितरा गव्हाच्याच दराने देतो आणि यंत्रमागावरचा कामगारही गव्हाच्याच दराने देतो. दोघांचाही फितरा अदा होतो, शरीयतला त्यात आक्षेप नाही. फक्त ज्याच्या दस्तरखानावर महिनाभर अजवा खजूर होती, त्याने या वर्षी फलकावरची खजुराची ओळ वाचून रक्कम काढावी, आणि ती ईदच्या नमाजआधी, शक्यतो दोन-चार दिवस अगोदर पोचवावी. म्हणजे घेणाऱ्याच्या घरातल्या बाईला बाजार उघडा असताना दूध, साखर आणि शेवया आणता येतील.